देव अंतःकरण पाहतो, माणसाला मात्र ऐकावे लागते



आपल्या मंडळ्यांत सध्या एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. गीताचे रेकॉर्डिंग बिघडले, वाचनातले शब्द कळले नाहीत, माइकमध्ये धप्प-धप्प आवाज आला, की कोणीतरी म्हणते, "असू दे हो, देव अंतःकरण पाहतो." एवढे म्हटले की विषय संपतो. पुढच्या रविवारी तेच गीत, तीच धडधड आणि तेच वाक्य.

आज आम्ही या वाक्याशी भांडायला बसलो आहोत. शास्त्राशी आमचे भांडण नाही. १ शमुवेल १६ मधले देवाचे बोल आम्हालाही शिरोधार्य आहेत. भांडण आहे ते या बोलांच्या आड लपवल्या जाणाऱ्या हलगर्जीपणाशी. आणि भांडणाचे निमित्त अगदी लहान आहे: गाणाऱ्याचे तोंड आणि माइक यांच्यामध्ये लावायची बशीएवढी गोल जाळी. बाजारात तिला पॉप फिल्टर म्हणतात.

बेळगाव आणि निपाणी भागातल्या काही मंडळ्यांच्या तरुणांना घेऊन आम्ही उपवासकाळाची गीते, रोजची वाचने आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना रेकॉर्ड करत असतो. ही जाळी माइकपुढे बांधली की हमखास कोणीतरी हसते. "हे सिनेमावाल्यांचे लाड आपल्याला कशाला?" असे विचारते. एका वडीलधाऱ्या मामांनी तर नाव ऐकून विचारले की ही जाळी थेट पोपसाहेबांकडून आली आहे का. त्यांच्या प्रश्नावर आम्हीही मनापासून हसलो. पण जे "कशाला?" म्हणतात त्यांना उत्तर द्यायलाच हवे, कारण ती जाळी नसल्याने जे हरवते ते आपल्या घरातले आहे.

धप्प आवाज येतो कुठून

वीज गेल्यावर पेटवता तशी एक मेणबत्ती घ्या. तोंडापासून चार-सहा बोटांवर धरा आणि "मरिया" म्हणा. ज्योत जेमतेम हलेल. आता जोर देऊन "प्रभू" म्हणा, "भाकर" म्हणा, ओठ मिटून "फळ" म्हणा. ज्योत मागे झुकेल, कदाचित विझेलही.

शाळेत आपण प-वर्ग शिकलो: प, फ, ब, भ, म. हे ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटल्याशिवाय ते उमटत नाहीत. म म्हणताना हवा नाकावाटे निघून जाते, म्हणून तो गरीब. उरलेल्या चौघांसाठी मात्र मिटलेल्या ओठांमागे हवा साठते आणि ओठ उघडताच एकदम बाहेर पडते. समोर माणूस बसला असेल तर ही फुंकर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच विरून जाते, त्याला फक्त अक्षर ऐकू येते. पण माइक तोंडाजवळ असतो. रेकॉर्डिंगच्या कंडेन्सर माइकमधला पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. फुंकर थेट त्याच्यावर आदळते, पडदा आत ढकलला जातो आणि यंत्र तो धक्का जाडजूड, खालच्या सुरातला आवाज म्हणून नोंदवते. शिवाय एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या फार जवळ गेले की खालचे सूर आपोआप फुगतात, म्हणून धक्का आणखी मोठा होतो. फारच मोठा झाला तर आवाज फाटतो.

जाळीचे काम एवढेच की ही फुंकर तिच्यात अडकून विखुरते. ध्वनी म्हणजे हवेतले कंपन, ते जाळीतून सहज पार होते. वाहणारी हवा मात्र धाग्यांवर आपटून मोडते. खिडकीला मच्छरांसाठी लावलेल्या जाळीतून रस्त्यावरचे बोलणे आत येते पण वाऱ्याचा झोत मऊ होतो, तसेच हे.

ही अडचण माइकच्या जन्माबरोबर आली. गौहर जान यांनी १९०२ साली कोलकात्यात गायले तेव्हा समोर माइक नव्हता, मोठा कर्णा होता. त्यात आवाज अक्षरशः लोटावा लागे. १९२५ च्या सुमारास विजेवरचे रेकॉर्डिंग आले आणि माणसाला हळुवार गाता येऊ लागले. माइक कुजबूज ऐकू लागला, तसा श्वासही ऐकू लागला. तेव्हापासून गाणारे आणि रेकॉर्डिंग करणारे या फुंकरीचा बंदोबस्त करत आले आहेत. यात सिनेमावाल्यांची काही खास चैन नाही. ज्याला शब्द पोहोचवायचा आहे त्या प्रत्येकाची ही गरज आहे.

आता आपले शब्द पाहा

आमच्या रागाचे खरे कारण इथे आहे. आपल्या श्रद्धेचे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. परमेश्वर, प्रभू, बाप. पाप, पश्चात्ताप, बाप्तिस्मा. प्रार्थना, भक्ती, कृपा, भाकर, बलिदान, पुनरुत्थान. ओठ न मिटता श्रद्धा सांगायची असे मराठी ख्रिस्ती माणसाने ठरवले तर त्याच्या हाती फारच थोडे शब्द उरतील. त्रैक्याच्या तिन्ही नावांची सुरुवातच प ने होते.

म्हणजे जाळी नसलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मार कोणावर बसतो? "आणि", "तू", "होता", "साठी" हे शब्द स्वच्छ उतरतात. दणका बसतो तो नेमका प्रभूच्या नावावर. गाणाऱ्याची भक्ती जितकी उत्कट, तितका तो दणका मोठा, कारण जिथे मन भरून येते तिथेच आपण अक्षरावर जोर देतो. हे ऐकून कोणी म्हणत असेल की काय फरक पडतो, तर त्याने स्वतःच्या बापाचे नाव कोणी दर वेळी दाराचा दणका देऊन घेतलेले ऐकून पाहावे.

कोणी जाणकार म्हणतील की हा इंग्रजीचा प्रश्न आहे. इंग्रजी "पेपर" मधल्या पहिल्या प मागे फुंकर असते, मराठी प त्यामानाने सौम्य आहे. बरोबर आहे. पण मराठीत फ आहे, भ आहे, आणि त्यांची ओळखच त्या फुंकरीत आहे. शिवाय समूहगीतात वरच्या सुरात, पूर्ण ताकदीने म्हटलेला "प्रभू" काही बोलण्यातल्या "पण" सारखा सौम्य राहत नाही.

सीमेवर एका श्वासाची किंमत

प आणि फ, ब आणि भ यांच्यातला फरक म्हणजे अक्षरामागून येणारा एक लहानसा श्वास. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाही तो टिकत नाही. माइकवरचा दणका नेमका त्याच जागी बसतो. तो श्वास झाकला गेला की पळ आणि फळ, पार आणि फार, बार आणि भार, बात आणि भात यांतले कोणते, हे फक्त संदर्भावरून ओळखायचे राहते. मोठ्यांना संदर्भ ठाऊक असतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ आहे, पळ नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पण सात वर्षांच्या मुलाचे काय?

पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांना हा प्रश्न कदाचित छोटा वाटेल. आमच्याकडे तो छोटा नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला तेव्हापासून इथे मराठी, कोकणी, कन्नड आणि इंग्रजी एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. आमची मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत कन्नड बोलतात, शाळेत इंग्रजी लिहितात. त्यांना तीन भाषा येतात याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यांतली बरीच मुले मराठी गीतपुस्तक अडखळत वाचतात. गीत त्यांच्याकडे पुस्तकातून येत नाही, आईच्या फोनमधून येते. ती कानाने शिकतात आणि जे कानावर पडते तेच तोंडात बसते. शिवाय रोजच्या बोलण्यातल्या कन्नडमध्ये हा महाप्राण श्वास बऱ्याचदा सौम्य होतो. त्या भाषेची ती चाल आहे, दोष नव्हे. म्हणूनच मराठी गीतातला भ मुलाला मराठी गीतातूनच, स्वच्छ मिळायला हवा. दुसरीकडून तो मिळेलच असे नाही.

सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे राहू द्या. मराठीसाठी आम्ही पाट्यांवरून वाद घालतो, सभेत घसा कोरडा करतो. पण आपल्याच देवळात, आपल्याच गीतात मराठी अक्षर दणक्याखाली चिरडले जाते तेव्हा "असू दे" म्हणतो. भाषा मुलांच्या तोंडी टिकते. त्यांच्या कानात काय घालायचे हे तर पूर्णपणे आपल्या हाती आहे, त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

शास्ते १२ मधली यार्देनेच्या उतारावरची हकिकत आपल्याला माहीत आहे. एका शब्दातला एक वर्ण ज्यांना जमला नाही ते मारले गेले. आम्ही हा दाखला कोणाच्या उच्चाराला हसण्यासाठी देत नाही. सीमेवर राहणाऱ्याने तर तो मोह कायमचा टाकायला हवा. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल "बक्ती" म्हणाले म्हणून त्याला हिणवू नका. त्याला "भक्ती" स्वच्छ ऐकवली होती का, हे आधी स्वतःला विचारा.

आणि निपाणीचे घर आठवा. मांडीवर सूप, सुपात पानांचे तुकडे आणि तंबाखू, हात दिवसभर विड्या वळण्यात गुंतलेले, डोळे पानावर. तिने शुभवर्तमान वाचायचे कधी? तिचे कान तेवढे मोकळे असतात. शेजारी स्वस्तातला फोन टेकवून ठेवलेला असतो आणि त्यावर आपण पाठवलेले वाचन लागते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे तेच, मोतीबिंदूने दिसेनासे झालेल्या आजीचे तेच. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण बंद दाराआड केला, तेव्हा तर सगळ्या मंडळीचेच तेच झाले होते. विश्वास ऐकण्याने होतो असे पौल रोमकरांस सांगतो. या माणसांच्या बाबतीत ते अगदी अक्षरशः खरे आहे. त्यांच्यासाठी आपण वीतभर अंतर आणि एक जाळी सांभाळू शकत नाही?

"देव अंतःकरण पाहतो"

आता त्या वाक्याकडे येऊ. देव अंतःकरण पाहतो हे त्रिवार सत्य आहे. म्हणूनच देवाला रेकॉर्डिंगची गरज नाही. ओठ हलवणाऱ्या पण आवाज न फुटणाऱ्या हन्नेची प्रार्थना त्याने ऐकली. माइक, फोन, स्पीकर हा सारा खटाटोप माणसांसाठी आहे, आणि माणसाला अंतःकरण दिसत नाही असे तर तेच वचन सांगते. मग माणसासाठी केलेल्या कामाची सबब म्हणून ते वचन पुढे करायचे, हे कसे? गीत देवाला अर्पण केले म्हणून ते शेजाऱ्याला कळले नाही तरी चालेल, असे म्हणणे म्हणजे पहिल्या आज्ञेच्या नावाने दुसरी आज्ञा मोडणे.

करिंथच्या मंडळीत असेच झाले होते. उत्साह भरपूर, आत्म्याची दाने भरपूर, पण बोललेले कोणाला कळेना. १ करिंथ १४ मध्ये पौल त्यांना रणशिंगाचा दाखला देतो. शिंगाचा सूर ओळखू आला नाही तर लढाईला कोण उठेल? आणि समजणार नाही असे बोलणारा हवेशी बोलतो, असे तो बजावतो. माइकपुढे बसलेल्या प्रत्येकाने हा अध्याय वाचावा.

"मोशेची जीभ जड होती, तरी देवाने त्याला वापरलेच ना?" असेही आम्हाला ऐकवले गेले. हो, वापरले. पण मोशेने तक्रार केली तेव्हा देवाने "लोक समजून घेतील" असे म्हटले नाही. त्याने अहरोनाला सोबत दिले, म्हणजे शब्द लोकांपर्यंत जाण्याची सोय केली. नहेम्या ८ मध्ये एज्राने नियमशास्त्र वाचले तेव्हा उंच लाकडी मंच बांधला होता, आणि लेवी लोकांना अर्थ उलगडून सांगत होते. लाकूड आणि सुतार लागले म्हणून ते वाचन कमी आध्यात्मिक ठरले का?

डिसेंबरात झेवियरसाहेबांच्या फेस्ताला आपल्या भागातून दरवर्षी लोक पायी जुन्या गोव्याला जातात. या वर्षी गेलात तर १६०५ साली अर्पण झालेल्या बॉम जेझू बासिलिकेत भिंतीवरच्या कोरीव प्रवचनपीठाकडे पाहा. त्याच्यावर छत्र आहे. असे छत्र शोभा तर देतेच, पण उपदेशकाचा आवाज उंच छतात हरवू न देता खाली लोकांकडे वळवते. वीज नव्हती, माइक नव्हता, तरी शब्दाची काळजी होती. त्याच गोव्यात १५७९ साली इंग्लंडहून फादर थॉमस स्टीफन्स आले. ज्या भाषेत भ नाही त्या भाषेत वाढलेल्या माणसाने मराठी आत्मसात केली आणि ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण नागरी खिळे हाताशी नव्हते. ते लिहिले होते ख्रिस्ती लोकांनी देवळात जमून ऐकावे म्हणून. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तनाची वाट धरली, कारण कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतो. १९३१ साली मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस जगाशी बोलले. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. चारशे वर्षे ख्रिस्तसभा शब्द कानापर्यंत नेण्यासाठी धडपडते आहे, आणि शेवटच्या वीतभर अंतरात आपण तो पाडतो.

बाकीच्या सबबी

"खर्च कोण करणार?" साधी जाळी काही शे रुपयांत मिळते, एखाद्या महिन्याच्या मोबाइल रिचार्जच्या आसपास. सणाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो छापायला आपल्याकडे पैसे असतात. वेदीमागे रंगीत दिवे लावायला असतात. तेवढेही नसतील तर मंडळीतल्या कोणाही ताईकडे भरतकामाची गोल रिंग असते. तिच्यात पातळ नायलॉनचा मोजा दोन पदरी ताणून बसवा, काठीला बांधा. झाली जाळी. मागे तळहात धरून पुढून फुंकर मारा. फुंकर हाताला जेमतेम लागली तर काम झाले. जाड रुमाल मात्र गुंडाळू नका. त्याने स, त, क यांची धार जाते आणि गाणारा गोधडीतून बोलल्यासारखा वाटतो.

"नंतर कॉम्प्युटरवर काढू." खालचे सूर कापून धडधड थोडी कमी करता येते, हे खरे. पण फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही, आणि फार वर कापले तर पुरुषांच्या खर्जाचा गाभाच जातो. शिवाय हे काढणार कोण? मंडळीतला एकच मुलगा, कॉलेज आणि काम सांभाळून, रात्री दोनपर्यंत जागून. आपण दोन मिनिटे वाचवायची आणि त्याच्या रात्री खर्च करायच्या, याला सेवा म्हणत नाहीत.

"फोनवर काय कळतेय?" फोनच्या लहान स्पीकरमधून खोल दणका पुरता निघत नाही, पण फाटलेले अक्षर चरचरते आणि शब्दाचे तोंड मोडते. तेच गीत कोणी इअरफोनवर ऐकले किंवा देवळाच्या मोठ्या बॉक्सवर लावले की छातीत धक्का बसतो.

"इको वाढवला की झाकून जाते." काही झाकले जात नाही. दणक्यालाही प्रतिध्वनी मिळतो आणि शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात. इकोमुळे आवाज भारदस्त वाटतो म्हणून गाणाऱ्याला तो आवडतो. ऐकणाऱ्याच्या पदरात गोंगाट पडतो.

शेवटची सबब आम्हाला सर्वात जास्त झोंबली. आमच्या भागातल्या एका स्टुडिओत आम्ही जाळी मागितली तेव्हा उत्तर आले, "देवाच्या गाण्याला एवढे कान देऊन कोण ऐकतो? ती लग्नाच्या गाण्याला लावतो आम्ही." आम्ही त्या माणसाला दोष देऊन थांबणार नाही. देवाच्या गाण्याला कमी चालते, हे त्याला शिकवले कोणी? वर्षानुवर्षे "असू दे" म्हणणाऱ्या आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनीच. मलाखी संदेष्टा लंगडे आणि आजारी जनावर वेदीवर आणणाऱ्यांना विचारतो, हे आपल्या सुभेदाराला देऊन बघ, तो खूश होईल का? लग्नाच्या गाण्याला जे चालत नाही ते प्रभूच्या नावाला का चालावे?

करायचे काय

नियम सोपे आहेत. तोंड ते माइक एक वीत. जाळी माइकपासून चार बोटांवर, तोंडाच्या बाजूला, माइकला चिकटलेली नाही. चिकटली तर फुंकर मोडायला जागाच उरत नाही. माइक अगदी तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला किंवा नाकाच्या उंचीवर ठेवून तोंडाकडे झुकवा, म्हणजे उरलीसुरली हवा खालून निघून जाते. फोनवरच रेकॉर्ड करत असाल तर फोन ओठांपुढे न धरता गालाच्या रेषेत धरा. ओठ माइकला लावून गाणाऱ्या आपल्या बंधूंना प्रेमाने, पण स्पष्ट सांगा की मागे सरका.

जाळीकडून भलती अपेक्षाही नको. स आणि श ची शिट्टी तिने जात नाही, त्यासाठी माइक थोडा तिरपा करावा लागतो. रिकाम्या खोलीचा घुमारा तिने जात नाही, त्यासाठी भिंतीवर दोन वाकळा टांगा. पंखा बंद करा. आणि ज्याने गीत पाठ केलेले नाही, वचन आधी वाचलेले नाही, त्याला जगातली कोणतीही जाळी वाचवणार नाही. महागडा माइक घेऊन, पॉप फिल्टर लावून, अर्थ न कळता गायलेले गीतही आम्ही ऐकले आहे. ते या धडधडीपेक्षाही वाईट. शब्दाची काळजी आधी मनात हवी. ती मनात असली की हातही जाळी बांधायला कुरकुरत नाहीत.

होरेब डोंगरावर एलियापुढून मोठा वारा गेला, पण परमेश्वर त्या वाऱ्यात नव्हता. त्यानंतरच्या मंद वाणीने एलियाने तोंड झाकले. पन्नासाव्या दिवशी मात्र वाऱ्यासारखा नाद झाला आणि त्यानंतर काय झाले? जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये कळली. आत्म्याचा वारा शब्द उघडून देतो. आपल्या तोंडचा वारा शब्द झाकतो. तो अडवायला एक मोजा आणि एक रिंग पुरते.

येत्या रविवारी मिस्सा किंवा उपासना झाल्यावर गायनवृंदाने एवढेच करावे: मागच्या महिन्यातले आपले एक रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐकावे, आणि ज्या ज्या शब्दावर दणका बसला तो कागदावर लिहावा. त्या यादीत बहुधा प्रभूचे नाव सर्वात वर असेल. मग जाळी घ्यायची की नाही हे आम्हाला विचारू नका, ती यादी वाचा.

स्तोत्र ५१ मध्ये दावीद देवाने आपले ओठ उघडावेत अशी विनवणी करतो. हे प्रभू, आमचेही ओठ उघड. त्यांतून निघणारे तुझे नाव आमच्या मुलांपर्यंत, आमच्या आजाऱ्यांपर्यंत आणि दिवसभर हात चालवणाऱ्या आमच्या बहिणींपर्यंत अखंड पोहोचू दे. आमेन.